जुन्या शिडाच्या बोटीची पारख

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलू अशी त्यांची समजूत होती. 'जुनी शिडाची बोट कशी पारखावी' हा विषय ऐकून ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्यांचेही चुकले नाही. वरणगावकरांचे पाणी म्हणजे तापीचे, फार तर हतनूर धरणाचे. समुद्र पाहायचा तर भुसावळला रात्रीची गाडी धरावी लागते. परंतु गेली दोन वर्षे आम्ही ह्या भानगडीत नाकापर्यंत बुडालेलो आहोत, आणि त्यात जे शिकलो ते जुनी मोटार, जुने इंजिन किंवा जुने घर घेणाऱ्यालाही उपयोगी पडेल असे वाटते.

त्याचे असे झाले. आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातले एक फिटर, त्यांना आपण नाना म्हणू, कारखान्यात येण्यापूर्वी पंधरा वर्षे नौदलात इंजिनघरात होते. निवृत्ती जवळ आली तसे त्यांनी ठरविले, की फंडाच्या पैशांतून एक लहान शिडाची बोट घ्यायची आणि हिवाळ्यात कोकण किनाऱ्याने बंदरोबंदरी मुक्काम करीत हिंडायचे. घरात वादळ उठले. धाकट्या मुलीचे लग्न व्हायचे होते. वहिनी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, एवढे संप मिटवलेत, हा आमच्या घरातला एक मिटवा." आम्ही मिटविण्याच्याच इराद्याने नानांकडे गेलो. परत आलो तो मुंबईच्या गाडीची दोन तिकिटे काढण्याचे कबूल करून!

शिडाची बोट म्हणजे श्रीमंतांची चैन, असे आम्हीही मानीत होतो. नव्या बोटीपुरते ते खरेच आहे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. ती ५६ फुटी बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात नवी बांधली होती, पण तिच्यामागे नौदलाची तिजोरी होती. आपल्यासारख्यांनी दुसरी उदाहरणे पाहावीत. १९८५ ते १९८७ ह्या काळात लष्कराच्या अभियंता दलाने 'तृष्णा' नावाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ही ३७ फुटी बोट इंग्लंडात घेतलेली, वापरलेली होती. त्याहून बोलके उदाहरण 'सुहैली'चे. ही ३२ फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधली गेली आणि १९६४ च्या अखेरीस पाण्यात उतरली. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजावरचे तरुण अधिकारी. १९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर झाली, तेव्हा नवी मोठी पोलादी बोट बांधावी अशी त्यांची इच्छा होती. पण पैसा उभा राहिला नाही. म्हणून हाताशी होती तीच बोट घेऊन ते निघाले. बोटीचे वय चार वर्षांचे, पण तिचा आराखडा १९२० च्या दशकातला. बंदरातल्या जाणत्यांना ती संथ आणि जुनाट वाटे. शर्यतीत नऊ जण उतरले. वेगवान बोटी मोडल्या, बुडाल्या, कुणी परतले, कुणी प्राणास मुकले. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, एकटी 'सुहैली' बंदरात परत आली.

ती निर्दोष होती असे मात्र नव्हे. वाटेत तिच्या फळ्यांचे सांधे गळू लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात बुडी मारून सांध्यांत कापूस ठासला. पुढे तिला काही वर्षे ग्रिनिचच्या संग्रहालयात ठेवले, तर तिथल्या कोरड्या हवेने फळ्या आकसू लागल्या आणि तिला बाहेर काढावे लागले. लाकडी बोट उन्हात कोरडी पडलेली दिसली आणि मालक 'अगदी जपून ठेवली आहे हो' म्हणाला, तर ही गोष्ट आठवावी.

त्या शर्यतीची आठवण म्हणून २०१८ पासून तशीच शर्यत पुन्हा भरू लागली. तिचा नियम असा, की बोट ३२ ते ३६ फुटांची आणि १९८८ पूर्वीच्या आराखड्याची हवी. २०२२ च्या शर्यतीत आपले अभिलाष टॉमी अशाच जुन्या घडणीच्या बोटीतून दुसरे आले. तेव्हा बोट जुन्या आराखड्याची आहे, ही काही तक्रार होऊ शकत नाही. तिची हाडे कशी आहेत, एवढाच प्रश्न.

आता ही हाडे कोणती? मार्च महिन्यात मुंबईत एका आवारात लाकडी टेकूंवर उभी असलेली २६ फुटी बोट आम्ही पाहिली. काचतंतूची, म्हणजे ज्याला आपण फायबर म्हणतो त्याची. एक खोली, चार माणसांची झोपण्याची सोय, लहान डिझेल इंजिन. रंग ताजा, पितळ चकचकीत. नाना तर पाहताक्षणीच हरखले. आम्ही मात्र कारखान्याच्या दारावर पंचवीस वर्षे काढलेली. पाहणीच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना मारलेला दिसला, की आमचे डोळे भिंत सोडून छताकडे जातात.

फायबर कुजत नाही हे खरे, पण पाणी पिते. वरच्या गुळगुळीत थरातून पाणी आत झिरपते आणि तळाला फोड येतात. फोड टोचला तर आंबट, शिरक्यासारखा वास येतो. फोड तुरळक असतील तर घाबरू नये. खरवडून, वाळवून भरता येतात. खरा धोका डेकमध्ये. पुष्कळ बोटींचा डेक म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये हलक्या लाकडाचा गाभा. एखाद्या बोल्टाच्या भोकातून पाणी शिरले, की तो गाभा आतल्या आत कुजतो आणि वरून काही दिसत नाही. नानांनी पिशवीतून लाकडी मोगरी काढली आणि वीत-वीत अंतरावर ठोकत चालले. चांगल्या जागी टणत्कार, वाईट जागी 'भद्'. मडके घेताना आपल्या आयाबाया हेच करतात. डोलकाठीच्या पायाशी हातभर जागा भद् बोलली. मालक म्हणाला, "तिथं जरा जाड आहे." आम्ही वहीत लिहून घेतले.

पुढचे डोलकाठीचे ताण. डोलकाठी उभी राहते ती पोलादी तारांच्या बळावर, आणि त्या तारा बोटीला जखडतात त्या पोलादी पट्ट्यांनी. ह्या पट्ट्या न गंजणाऱ्या पोलादाच्या असतात खऱ्या, पण ते पोलाद उघड्या हवेत गंजत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जिथे पट्टी डेकमधून जाते तिथे ओल असते, हवा नसते, आणि तिथेच ती आतून खाल्ली जाते. तारांवरून सुती फडके फिरवावे. तुटलेला धागा असेल तर फडके अडकते. तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्याच लागतात, आणि हा खर्च बोटीच्या किमतीच्या मानाने लहान नसतो. नानांचे फडके दोनदा अडकले.

बोटीच्या पोटाखाली कील म्हणून जड लोखंडी किंवा शिशाचा पंख असतो. वारा बोटीला कलंडवतो आणि कील तिला पुन्हा उभी करतो. तो बोल्टांनी बसविलेला असेल, तर सांध्यापाशी भेग किंवा तांबूस ओघळ आहे का ते पाहावे. इथे मात्र स्वच्छ होते. इंजिनाबद्दल आम्ही काय सांगावे? नानांनी एकच अट घातली: आम्ही येण्यापूर्वी ते चालू करायचे नाही. गरम इंजिन कुणीही चालू करून दाखवील.

शिडांचे कापड वर्षानुवर्षे उन्हाने मऊ पडते, आणि आधी शिवण जाते. ते दुय्यम. शिडे पुन्हा शिवता येतात.

बोट ठेवायची कुठे, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा. मुंबईत जागा मिळणे कठीण आणि महाग. खाडीत गावच्या मचव्यांशेजारी ठेवावी तर मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणात भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटर पडतो आणि पुष्कळ खाड्या ओहोटीला चिखल होऊन राहतात. खोल एका कीलची बोट तिथे आडवी पडते. काही जुन्या इंग्रजी बोटींना दोन बाजूंना दोन आखूड कील असतात, त्या चिखलात गुरासारख्या उभ्या राहतात. आमची २६ फुटी तशीच निघाली. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आता म्हैसच आणता म्हणा!"

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बोट काठावर चढवून झाकावी लागते. दरवर्षी तळाचे शिंपले खरवडून रंग द्यावा लागतो. म्हणून आमचा हिशोब असा: बोटीला शंभर रुपये देणार असाल तर पन्नास पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळे बांधून ठेवा; ते नसतील तर शंभरही देऊ नका. एक त्रयस्थ तपासनीसही आम्ही नेमला. त्याची फी आम्ही दिली, मालकाने नव्हे. ज्याची फी, त्याचा अहवाल, हे आम्हांला कारखान्यातल्या अपघातांच्या चौकशांनी शिकविले आहे. कागदपत्रेही नीट पाहिली: नोंदणी कुणाच्या नावे, जागेचे भाडे थकले आहे का, कर्ज आहे का.

मग वाटाघाटी. तिथे आम्ही आमच्या धंद्यात होतो. दोषांची यादी, प्रत्येकापुढे दुरुस्तीचा लेखी अंदाज, शेवटी बेरीज. आवाज न चढविता कागद टेबलावर ठेवला. मालक रागावला. आम्ही गाडी धरून परत आलो. नानांना त्या रात्री झोप आली नाही, हे वहिनींनीच सांगितले. पाचव्या आठवड्यात मालकाचा फोन आला आणि तो एक तृतीयांश खाली उतरला.

तरीही नानांचा फंड एकट्याने त्यात घालणे आम्हांला पटेना. मुलीच्या लग्नाचे पैसे बाजूला काढून बँकेत ठेवावेत, ही वहिनींची अट आम्ही मान्य करून घेतली. उरलेल्या रकमेत बोट होत नव्हती. तेव्हा चार निवृत्तांनी चार वाटे केले. एक वाटा आमचा आहे, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. डेकचा कुजका गाभा नानांनी स्वतः कापून काढला, तारा नव्या घातल्या. करारपत्र आम्ही लिहिले. त्यात रंगाचा खर्च समान, वर्षाचे आठवडे चिठ्ठ्या टाकून, आणि कुणी वाटा विकायचा ठरविल्यास आधी उरलेल्या तिघांना विचारायचे, अशी कलमे आहेत. पाचवे कलम वहिनींनी घालायला लावले: वारा वाढण्याची सूचना असेल त्या दिवशी बोट निघणार नाही, आणि हे ठरविण्याचा अधिकार ज्याची पाळी आहे त्याला नसून किनाऱ्यावर राहणाऱ्याला राहील.