वाटीभर पाण्याची दाढी

एखाद्याची भर सभेत खरडपट्टी निघाली, की त्याची बिनपाण्याने झाली, असे मराठीत म्हणतात. काय झाली हे सांगावे लागत नाही. ‘हजामत’ हा शब्द ऐकणारा मनात भरून घेतो. पाण्यावाचून हजामत ही भाषेने शिक्षेची परिसीमा मानली. या कर्मात वस्तऱ्यापेक्षा पाण्याचा अधिकार मोठा आहे, हे ज्यांनी हा वाक्प्रचार घडविला त्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे.

गावच्या न्हाव्याची धोकटी उघडली, की तीत वस्तरा, आरसा, तुरटीचा खडा आणि एक लहानशी वाटी निघे. त्या वाटीभर पाण्यात एका माणसाची दाढी पुरी होई. संत सेना महाराजांनी तर याच व्यवसायाची परिभाषा अभंगात आणून तिला परमार्थाचा अर्थ दिला. पुढे अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याने टाकाऊ पात्याचा रेझर काढला. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पण पुढे हाच दुधारी पात्याचा रेझर घरोघरी पोचला आणि दाढी हे ज्याचे त्याने आरशासमोर उरकण्याचे काम झाले. १९७१ नंतर दोन, मग तीन, मग पाच पात्यांची प्लॅस्टिकची टोपणे आली, डब्यातून आयता फेस आला, आणि जे काम करता करता माणूस थोडा थांबत असे ते दोन मिनिटांचे झाले.

हे थांबणेच काही जणांना हवेसे वाटते. म्हणून जगाच्या अनेक भागांत, आणि भारतातही, जुन्या पद्धतीची दाढी हा आता रीतसर छंद झाला आहे. छंद म्हटला की त्यात मित्रमंडळ आलेच. कोणी आजोबांचा पितळी रेझर माळ्यावरून काढून घासून लखलखीत करतो, कोणी डुकराच्या राठ केसांचा ब्रश बरा की कृत्रिम धाग्याचा यावर वाद घालतो, कोणी चंदनाच्या वासाचा साबण कापून चौघांत वाटतो. बाहेरून पाहणाऱ्यास हे थोडे हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या गोष्टीला हाताचे कसब लागते तिच्याविषयी बोलण्यासारखेही पुष्कळ असते. दोनतीन मिनिटे कोमट पाण्याने खुंट भिजविणे, ब्रश गोल फिरवीत साबणाचा दाट, दह्यासारखा फेस काढणे, कातडीशी सुमारे तीस अंशांचा कोन राखून रेझरला केवळ त्याच्या वजनाने खाली येऊ देणे, आणि प्रथम केसांच्या दिशेनेच हात चालविणे, या साऱ्या गोष्टी पुस्तकापेक्षा शेजारी उभ्या असलेल्या मित्राकडून लवकर समजतात.

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा या भागात मात्र हा छंद एका अडचणीशी येऊन भिडतो. २००७ साली बंगळूरच्या बृहत् महानगरपालिकेत विलीन होईपर्यंत महादेवपुऱ्याची नगरपरिषद वेगळी होती. संगणक उद्योगामुळे तेथे वस्ती झपाट्याने वाढली. पुणे, सोलापूर, बेळगावकडचे तरुण एकेका सदनिकेत तिघे-चौघे मिळून राहू लागले. सुमारे शंभर किलोमीटरांवरून उपसून आणलेले कावेरीचे पाणी मात्र या वाढीच्या मागे मागेच राहिले. पुष्कळ इमारतींचा भरवसा विंधन विहिरींवर आणि टँकरवर असतो, आणि विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते. शास्त्राच्या जुन्या पुस्तकांत अशा पाण्याला ‘दुष्फेन’ असा नेमका शब्द आहे. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावतात, फेसाऐवजी न विरघळणारा पांढरा साका धरतो, आणि घरी आईवडिलांकडे सुरेख येणारा फेस येथे का बसतो हे नव्या छंदिष्टाला कळेनासे होते. तो ब्रशला दोष देतो, साबण बदलतो. उपाय सोपा आहे. पिण्यासाठी क्षार काढून गाळलेले पाणी स्वयंपाकघरात असतेच. त्यातले वाटीभर घेतले की पुरे. धोकटीतली वाटी अशा रीतीने परत येते.

त्या वाटीचे मोल २०२४ च्या मार्च महिन्यात शहराला उमगले. कूपनलिका आटल्या; पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास पाणीपुरवठा मंडळाने मनाई केली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. परंतु नळ सोडून ठेवून दाढी करण्याची सवय त्या उन्हाळ्यात अनेकांच्या डोळ्यांत खुपली असेल. या संदर्भात एक गोष्ट उद्योगजगतात नेहमी सांगितली जाते. जिलेट कंपनीने भारतासाठी केलेल्या एका रेझरची पारख अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून करून घेतली. त्यांनी तो वाखाणला. भारतात तो फसला. विद्यार्थी वाहत्या नळाखाली रेझर धूत होते, आणि येथील गिऱ्हाईक वाटीभर पाण्यात बुडवीत होते. पात्यांत अडकलेले केस निघेनात. शहाणी झालेली कंपनी मग माणसांच्या घरी जाऊन बसली, आणि २०१० साली तिने एकाच पात्याचा, पंधरा रुपयांचा रेझर आणला.

त्याच संस्थेतील संशोधकांनी २०२० साली दुसरा एक उलगडा केला. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ. तरी पाते थोड्याच दिवसांत बोथट का होते? सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले, की धार केवळ झिजत नाही. केस तिला एका बाजूस वाकवतो आणि पोलादाची घडण जेथे एकसारखी नाही तेथे तिचे बारीक कण तुटतात. नीट भिजलेला केस अधिक मऊ असतो. तेव्हा पाणी येथेही कामास येतेच.

मित्रांत साबण वाटावा, रेझरची दांडी पाहावयास द्यावी. पाते मात्र कदापि देऊ नये. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही काविळीचे ब आणि क हे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणूनच केशकर्तनालयात आता गिऱ्हाइकागणिक नवे पाते मोडून वस्तऱ्यात बसवितात, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत बसविले जाते की नाही हे पाहण्यात संकोच बाळगू नये. वापरलेली पाती केराच्या टोपलीत टाकली, तर कचरा निवडणाऱ्याचा हात कापतो. त्यासाठी जाणते छंदिष्ट एखाद्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून ठेवतात. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी पातळ ती पाती त्यात पडत राहतात. डबा भरावयास काही वर्षे लागतात.