विजोड जोडी

संपादकांनी मला कोल्हापूरला पाठवलं होतं ते बेंजो पार्ट्यांवर लिहायला. ट्रॉलीवर बांधलेले कर्णे, पिकअप बसवलेला बेंजो, आणि ॲम्प्लीचा आवाज इतका चढवलेला की सूर काठाकाठाने फाटत जावा. तो सूर मुद्दाम फाडतात की सामान दमलं म्हणून फाटतो, एवढं मला विचारायचं होतं. विचारत विचारत शाहूपुरीतल्या एका बोळात, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पोचलो आणि बेंजोचा लेख तिथंच अडकला.

दुकान म्हणजे सहा फुटी काउंटर. मागे सत्तरी ओलांडलेले मालक. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणालो. समोर स्टुलावर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आणि दोघांच्या मध्ये बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात शेंगदाण्याएवढ्या, चंदेरी, तीन तारांचे पाय असलेल्या नळकांड्या. काका एकेक उचलून बघत होते, बाजूला टाकत होते. टाकलेली प्रत्येक नळकांडी तो पोरगा उचलून घेत होता.

"ह्यो गळका हाय," काका म्हणाले. "रेडिओत चालत न्हाई. तुला कशाला पायजे?"

"गळकाच पायजे काका. पर लई गळका नको."

मी बॅग खाली ठेवली आणि दुसरं स्टूल ओढलं.

पोरगा गिटारसाठी फझ पेडल बनवत होता. पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्ली यांच्या मध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची डबी. फझ ही त्यातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत असंस्कृत जात. गिटारच्या पिकअपमधून येणारा इवलासा सिग्नल ती इतका फुगवते की लाटेचे माथे बॅटरीच्या व्होल्टेजला आपटून सपाट होतात. सपाट झालेल्या माथ्यांतून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर फुटतात. कानाला ते गुरगुरणं वाटतं, मधमाश्यांचं मोहोळ वाटतं, कधी चक्क सनई वाटते.

अधिकृत इतिहास थोडक्यात उरकतो. 1960-61 च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरमधला एक भाग बिघडला आणि बास गिटारचा आवाज फाटका आला. तो लोकांना आवडला. मग ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं आणि 1962 मध्ये ते 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आलं. 1966 मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' काढला. मायक्रोफोनच्या स्टँडला खाली जशी जड गोल बैठक असते तशी त्याची पेटी. जिमी हेंड्रिक्सने तो पायाखाली घेतला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

या फझ फेसच्या पोटात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर आणि दोन कंट्रोल असतात. एकूण अकरा भाग, वर नऊ व्होल्टची बॅटरी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातली घंटा याहून गुंतागुंतीची असते. तरीही एकाच दिवशी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन पेट्यांचा आवाज एकमेकांशी जुळायचा नाही. वादक दुकानात बसून पेटीमागून पेटी वाजवून बघत, एखादी निवडत आणि बाकीच्या परत करत. सर्किट एकच आणि किमतीही त्याच. फरक होता तो त्या दोन ट्रान्झिस्टरांत, म्हणजे काकांच्या डब्यात होत्या तशा नळकांड्यांत.

नळकांड्यांच्या आत जर्मेनियम आहे. मेंडेलेव्हने 1871 मध्ये आवर्तसारणीतली रिकामी जागा दाखवून सांगितलं होतं की सिलिकॉनच्या खालच्या घरात एक मूलद्रव्य असायलाच हवं. त्याला त्याने नाव दिलं 'एकासिलिकॉन', आणि त्यातला 'एका' म्हणजे आपला संस्कृत 'एक'. 1886 मध्ये जर्मनीत क्लेमेन्स विंकलरला ते सापडलं. डिसेंबर 1947 मध्ये बेल लॅब्जमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला तो याच मूलद्रव्याच्या तुकड्यावर. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1962 मध्ये जर्मेनियमची उपकरणं बनवायला घेतली. काकांच्या डब्यातल्या नळकांड्यांवर अर्धवट पुसलेली 'बीईएल' ही अक्षरं आणि 'एसी 128' हा नंबर दिसतो, ती त्या काळाची खूण. आकाशवाणी सांगलीच्या बातम्या आणि भावगीतं ज्या खोक्यांतून ऐकली गेली, त्यांतल्या कित्येकांच्या शेवटच्या टप्प्यावर अशी दुक्कल बसलेली असे. एकाने लाटेचा वरचा अर्धा भाग ओढायचा, दुसऱ्याने खालचा.

दोघांची ताकद सारखी नसली तर आवाज घोगरा यायचा. म्हणून काकांचं उभं आयुष्य जोड्या जुळवण्यात गेलं. जोडी जमली की दोन नळकांड्या दोऱ्याने बांधून वेगळ्या पुडीत ठेवायच्या, हा त्यांचा शिरस्ता. आणि आता हा पोरगा येऊन त्यांच्याकडे विजोड जोडी मागत होता. पहिला मवाळ, दुसरा तापट. शिवाय दोघांनी थोडं गळायला हवं! काका हसत होते, पण डबा पुढे सरकवत होते.

विजोड का, याचा हिशेब असा आहे. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे एमिटर, बेस आणि कलेक्टर. बेसमध्ये थोडा करंट घातला की कलेक्टरमधून त्याच्या अमुक पट करंट वाहतो. त्या पटीला गेन म्हणतात. फझ फेसमध्ये पहिला ट्रान्झिस्टर सिग्नल उचलून दुसऱ्याच्या अंगावर घालतो आणि मुख्य मोडतोड दुसरा करतो. पहिल्याचाच गेन जास्त असला की खरखर वाढते आणि आवाज टोचायला लागतो. आर. जी. कीन या अमेरिकन अभियंत्याने या सर्किटची चिरफाड करून आकडे सांगितले आहेत: पहिला साधारण 70 ते 80, दुसरा 110 ते 130. जगभर घरी पेडल बनवणारे आजही हे आकडे घोकतात.

पण मोजायचं कसं? मल्टिमीटरला ट्रान्झिस्टर खुपसायचं एक भोक असतं, आणि जर्मेनियमच्या बाबतीत ते सरळ खोटं बोलतं. बेसला काहीच दिलं नाही तरी जर्मेनियममधून थोडा करंट झिरपत राहतो. हाच तो गळकेपणा. मीटर ही गळती गेनमध्येच धरतो, आणि निव्वळ गळका तुकडा पहिलवान म्हणून मिरवतो.

पोराने व्हेरोबोर्डच्या तुकड्यावर तपासणीची जोडणी केली होती, तीही कीनचीच युक्ती. एमिटर बॅटरीच्या प्लसला. कलेक्टर 2.2 के आणि 270 ओहम असे दोन रेझिस्टन्स सलग जोडून मायनसला. बेस एका बटणामार्फत 2.2 मेगओहममधून मायनसला. बटण न दाबता या दोन रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज वाचायचं, ती गळती. बटण दाबून वाचायचं, ती गळती अधिक गेन. वजाबाकी करून शंभराने गुणलं की खरा गेन हाती येतो. माझ्यासमोर लावलेल्या पहिल्या नळकांडीने 0.21 दाखवले, बटण दाबल्यावर 1.05. म्हणजे गेन 84, गळती 85 मायक्रोअँपिअर. शंभरच्या आतली गळती चालते, तिनशेच्या पुढची फेकून द्यायची.

पण आकडा थांबेना. 0.21 चे 0.24 झाले होते आणि आता हळूहळू उतरत होते. "बोटाची ऊब," पोरगा म्हणाला. चिमटीतून सोडली तरी मिनिटभर थांबावं लागतं. मी कुतूहलाने जवळ वाकलो तर माझ्या श्वासानेही शेवटचा अंक हलला. एखाद्या यंत्राच्या भागाला माणसाच्या जवळ येण्याने इतका फरक पडावा, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या नळकांडीचा लळा लागला.

दुपारपर्यंत 28 नळकांड्या मोजून झाल्या. पाच मेलेल्या, तीन फारच गळक्या. उरलेल्यांचा गेन 40 पासून 160 पर्यंत, आणि सगळ्यांवर नंबर तोच, एसी 128. मला मिरज आठवलं. कोल्हापूरहून तासाभरावर, सतारी-तंबोऱ्यांचं गाव; 2024 मध्ये तिथल्या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर भोपळ्यांच्या ढिगातून एकेक भोपळा उचलून, वाजवून, फिरवून बघतात. आकाराने सारखे दिसणारे दोन भोपळे एकसारखे बोलत नाहीत. आणि तंबोऱ्याची जवारी तरी काय आहे? घोडीचा माथा अशा बेताने घासायचा, तारेखाली सुती दोरा असा सरकवायचा, की तारेने घोडीला निसटता स्पर्श करत राहावं आणि एका सुरातून अनेक सूर फुटावेत. कोरी, स्वच्छ तार आपल्या कानाला मुकी वाटते. हे मी पोराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, की फझची जवारी म्हणजे प्रीसेट, स्क्रू ड्रायव्हरने फिरवून कमी-जास्त करायचा बारीक रेझिस्टन्स. ती उपमा मी त्याच्याकडून उसनी घेतली आहे.

निवडलेली जोडी 78 आणि 121 ची. पेटी म्हणून पोराच्या आईचा स्टीलचा जेवणाचा डबा. त्याला घरच्या ड्रिलने भोक पडेना तेव्हा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये पाच मिनिटांत पाडून मिळालं. परदेशी कॅमेरा हाताळून स्वतःचा कॅमेरा घडवणाऱ्या आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' काढणाऱ्या बाबूराव पेंटरांचं हे गाव. कोल्हापूरवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य एकदा लिहावंच लागतं, तर तेही लिहून झालं.

डिसेंबरच्या त्या संध्याकाळी डबा वाजला. गिटारचा आवाज पूर्ण उघडला की कर्णकटू मोहोळ. गिटारवरचाच कंट्रोल थोडा मागे घेतला की आवाज निवळतो, जवळजवळ घंटेसारखा. ही निवळण्याची अदा जर्मेनियममध्ये विशेष खुलते, आणि तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. काका कान देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बिघडलेला रेडिओ असाच वाजतो. मी दुरुस्त करून द्यायचो." लेख इथं संपवता आला असता.

एप्रिलमध्ये पोराचा फोन आला. गच्चीवर कॉलेजच्या मुलांचा कार्यक्रम होता, संध्याकाळी पाचला. डबा दुपारपासून पत्र्याच्या शेडखाली. पहिल्याच गाण्यात सूर तुटायला लागला: तार छेडली की क्षणभर फुर्रर्र, मग शांतता. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट असावे लागतात, म्हणजे लाटेला वर-खाली सारखी जागा मिळते. ते व्होल्टेज पार सरकलं होतं. जर्मेनियमची गळती दर दहाएक अंशांना दुप्पट होते. डिसेंबरच्या संध्याकाळचे 20 अंश आणि शेडखालचे 40, म्हणजे चौपट. गळती मोजलेल्या पहिल्या नळकांडीएवढी धरली तर 85 चे साडेतिनशेच्या आसपास. फेकून द्यायच्या ढिगातला आकडा. कुणीतरी थंड पाण्याची बाटली डब्याला टेकवून ठेवली आणि तिसऱ्या गाण्यापासून आवाज परतला.

मग त्याने सिलिकॉन करून बघितलं. बीसी 108 लावले. फझ फेसच्याही पुढच्या पेट्यांत सिलिकॉनच आलं होतं. त्याला उन्हाची पर्वा नाही, कारण त्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेने इतक्या सहजी सुटत नाहीत. पण गेन तिनशे-चारशेच्या घरात. आवाज काचेसारखा धारदार, आणि गिटारची लांब वायर अँटेना होऊन मधूनच रेडिओ लागायचा. बेस-कलेक्टरमध्ये काहीशे पिकोफॅरडचा कंडेन्सर टाकल्यावर रेडिओ गेला, धार राहिली. काकांना या प्रकाराचा मनापासून आनंद झाला.

पुन्हा जर्मेनियम हवं म्हणून मी स्वतः एका विक्रेत्याकडून दहा एसी 128 मागवले. चकचकीत, ठसठशीत छापलेले. पोराने मल्टिमीटर डायोडवर ठेवून बेस-एमिटर तपासला. जर्मेनियमला 0.2-0.3 च्या आसपास यायला हवं. दहाही नळकांड्यांनी 0.6 च्या वर दाखवलं. आत सिलिकॉन, बाहेर नवा रंग. पैसे गेले. खऱ्या नळकांड्या आता कुणी बनवत नाही, काकांचा डबा निम्म्यावर आला आहे, आणि त्यात 110 च्या वरचे, कमी गळके असे चारच उरलेत. ते चार काकांनी दोऱ्याने बांधून वेगळ्या पुडीत ठेवले आहेत. जोडी नसली तरी.

सध्याचा तोडगा असा: दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरच्या 8.2 के रेझिस्टन्सच्या जागी प्रीसेट, आणि डब्याच्या कुशीत एक बारीक भोक, म्हणजे झाकण न उघडता तो फिरवता येतो. छोटा स्क्रू ड्रायव्हर डब्याच्या कडीला सुतळीने बांधलेला. भोकाभोवती पोराने मार्करने दोन रेघा ओढल्या आहेत, एकीवर 'डिसें.' आणि एकीवर 'एप्रि.' लिहिलंय. पावसाळ्याची रेघ अजून ओढायची आहे.