पाच वाजता दिवेलागण

“ताई, फ्रिज नेऊ का?”

आमच्या भागातल्या कुणा जवानाची बदली अंदमानला झाली की त्याच्या घरून मला फोन येतो, आणि बोलण्याची सुरुवात बहुधा फ्रिजपासून होते. मागच्या सप्टेंबरात फोन आला तो कोरेगाव तालुक्यातल्या एका पंचविशीतल्या मुलीचा. कडेवर दीड वर्षाचं लेकरू, नवरा चार महिन्यांपूर्वीच तिकडे हजर झालेला. फ्रिज, मिक्सर, गाद्या सगळं विचारून झालं, मग ती जरा थांबली. “सासूबाई म्हणतात, तिकडं काळं पाणी. तू पोराला घेऊन इथंच राहा. ताई, जाऊ का मी?”

मी म्हटलं, जा. पण नीट माहिती घेऊन जा. साताऱ्याजवळचं अपशिंगे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. आमच्याकडच्या कितीतरी गावांत घरटी एक माणूस फौजेत असतो. त्यामुळे हा प्रश्न एकट्या तिचा नाही. तिला जे फोनवर सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी जवान, मागून घर

माझे पती तेव्हा हवालदार होते. आम्ही झाशीला होतो, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. बदलीचा हुकूम जवानाच्या नावाने येतो, बायकामुलांचं सगळं त्यानंतर सुरू होतं. तो आधी जाऊन हजर होतो, फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज करतो, यादीत नाव लागतं आणि नंबर येईपर्यंत वाट बघायची. आमचा नंबर पाच महिन्यांनी लागला. मग हे रजा काढून आम्हाला न्यायला आले आणि एप्रिल 2018 मध्ये आम्ही निघालो.

म्हणून मी प्रत्येकीला आधी दोन गोष्टी विचारते. क्वार्टर मिळालंय का? आणि कुठल्या बेटावर? घरच्यांना ‘अंदमान’ एवढंच ठाऊक असतं. अंदमान-निकोबार म्हणजे आठशेहून जास्त लहानमोठी बेटं आणि वस्ती त्यातल्या तीसेक बेटांवर. पोर्ट ब्लेअरहून दक्षिणेच्या टोकाकडचं कॅम्पबेल बे सुमारे 500 किलोमीटर लांब आहे, साताऱ्याहून हैदराबादला जावं तेवढं. पोर्ट ब्लेअरला बाजार, केंद्रीय विद्यालय, नौदलाचं धन्वंतरी रुग्णालय आहे. लांबच्या बेटांवर मोजक्या सोयी आणि जहाजाची वाट. एकाच बदलीत दोन वेगळे संसार आहेत ते असे. सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं, पण आम्ही राहिलो तेव्हाचं नाव अजून माझ्या तोंडात बसलेलं आहे.

इतक्या लांब फौज कशाला, असं माझ्या दिरांनी विचारलं होतं. नकाशा काढला की उत्तर मिळतं. ही बेटं बंगालचा उपसागर आणि अंदमानचा समुद्र यांच्या मधोमध उभी ओळ धरून आहेत. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जगभरातली मालवाहू जहाजं निकोबारच्या दक्षिणेकडून जातात. तिथून इंडोनेशियाचं सुमात्रा दीडशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून 2001 मध्ये देशात पहिल्यांदा भूदल, नौदल आणि हवाईदल यांची एकत्र कमांड उभी राहिली ती इथेच. मुलीच्या वर्गात तिन्ही दलांची पोरं होती. कुणाचे बाबा बोटीवर, कुणाचे विमानतळावर, कुणाचे आमच्यासारखे पलटणीत.

काळ्या पेट्या

फौजी घराचं सामान काळ्या पेट्यांतून फिरतं. पत्र्याच्या नाहीतर लाकडी पेट्या, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. दर बदलीला जुना पत्ता खरवडून नवा घालायचा. आमच्या अकरा पेट्या होत्या. झाशीहून ट्रकने चेन्नई, तिथून जहाजाने पोर्ट ब्लेअर. आम्ही पोचल्यावर सोळा दिवसांनी त्या आल्या. तोवर दोन पातेली, एक तवा, चार ताटं आणि शेजारच्या भाभींनी दिलेला कुकर यांवर घर चाललं.

सरकार सामानाचा खर्च देतं, शिवाय बदलीचं एकरकमी अनुदानही देतं. मुख्य भूमीवरच्या बदलीला ते मूळ पगाराच्या 80 टक्के असतं, तर अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या बदलीला पूर्ण 100 टक्के. हा पैसा हौसेत घालवू नका, असं मी बजावते. पहिल्या दोन महिन्यांत ड्रम, बादल्या, मच्छरदाण्या, रेनकोट यांतच तो जातो.

फ्रिज न्या. मीठ, मसाले, पिठं, औषधं, सगळं त्याच्यात ठेवावं लागतं. पलंग आणि टेबलं नेऊ नका. एमईएसकडून, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेकडून, क्वार्टरबरोबर खाट, टेबल, खुर्च्या मिळतात. ताबा घेताना त्यांचा माणूस पंख्यापासून नळापर्यंत सगळं मोजून सही घेतो, तेव्हा तुम्हीही बरोबर उभं राहून मोजा. लग्नातल्या पैठणीसारखं जरीचं काही असेल तर ते माहेरी ठेवा. मी माझी नेली होती.

बल्बचं कपाट

मेच्या अखेरीपर्यंत पाऊस तिथे उतरतो. आपल्याकडे मृगाची वाट बघत माणसं आभाळाकडे डोळे लावून असतात, तेव्हा तिथे छत्र्या वाळायच्या राहिलेल्या असतात. नैर्ऋत्येचा पाऊस सप्टेंबरपर्यंत चालतो, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा येतो, तो डिसेंबरापर्यंत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. झाशीच्या कोरड्या हवेतून आलेल्या मला हवेतलं पाणी अंगावर बसल्यासारखं वाटायचं.

जुलैत एकदा ह्यांचे परेडचे बूट पिशवीतून काढले. काळ्या चामड्यावर हिरवट पांढरी लव उगवली होती, मऊ, बोट लावलं की उठणारी. कपाट उघडून पाहिलं तर लोकरीच्या कपड्यांवरही तीच. पैठणीची घडी उलगडली, तर घडीच्या रेषेवर जर काळपटली होती. मी तिथेच खाली बसले आणि रडले. शेजारच्या केरळच्या भाभी आल्या, घरातून चाळीस वॅटचा एक पिवळा बल्ब आणि होल्डर घेऊन आल्या, आणि कपाटाच्या तळाशी, कपड्यांपासून वीतभर लांब, लावून दिला. दारातून वायर बाहेर. रोज दोन तास बल्ब लावायचा, तेवढ्या उबेने आतली ओल जाते. कॉलनीतल्या घराघरांत असं एक उजेडाचं कपाट होतं. बल्ब लावून घराबाहेर जायचं नाही, हा त्याचा एकच नियम.

ज्वारीचं पीठ महिनाभरात कडवट व्हायचं. मग सासूबाई अख्खी ज्वारी पाठवू लागल्या, तर तिला सोंडे लागायचे. शेवटी मी भाकरी तांदळाच्या पिठाची करायला लागले. मुलांना ती आवडली, कारण जंगलीघाटच्या बाजारातून आणलेल्या सुरमईच्या कालवणाबरोबर ती जास्त चांगली लागते.

मासे, नारळ, केळी, पपई मुबलक. बटाटे, कांदे आणि बऱ्याचशा भाज्या मात्र मेनलँडवरून येतात. तिथे सगळे भारताच्या मुख्य भूमीला ‘मेनलँड’ म्हणतात, आठ दिवसांत आपणही म्हणायला लागतो. समुद्र खवळला, जहाज अडलं, की बाजारात आधी भाव चढतो आणि मग मालच संपतो. घरात पंधरा दिवसांचा कांदा-बटाटा आणि दूध पावडरीचा डबा कायम ठेवायला मी तिथे शिकले. इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, हे ऐकून लोक चकित होतात. उताराच्या जमिनीवरून पाणी समुद्रात निघून जातं आणि शहराची भिस्त मुख्यतः धनीखाडी धरणावर. आम्ही पोचलो त्या एप्रिलात तिसऱ्या दिवशी नळ यायचा.

जमीन हलते तेव्हा

भूकंपाबद्दल मी कुणापासून काही लपवत नाही. ही बेटं भूकंपाच्या सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात येतात. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत कार निकोबारचा हवाईदलाचा तळ वाहून गेला. जवान आणि त्यांच्या घरची माणसं मिळून शंभराहून जास्त जीव गेले. आमच्यासारखीच क्वार्टरं, आमच्यासारखीच सकाळ, रविवारची. कॉलनीत ती तारीख कुणी विसरत नाही.

मला पहिला धक्का बसला तो रात्री दोनच्या सुमाराला. मांडणीवरचे पेले एकमेकांवर वाजले आणि खाट हलली. मुलांना उचलून मैदानात आले तर बायका आधीच जमल्या होत्या. सगळ्यांच्या खांद्याला एकसारखी पिशवी, आत डिपेंडंट कार्ड, शाळेचे दाखले, औषधं, टॉर्च, पाण्याची बाटली. दुसऱ्या दिवशी माझीही पिशवी दाराच्या खिळ्याला लागली. 2007 पासून हैदराबादच्या केंद्रातून त्सुनामीचा इशारा मिळतो, तरी जुन्या भाभींनी मला सांगितलं तेच मी पुढे सांगते. हादरा लांबला, उभं राहता येईना, तर भोंग्याची वाट बघायची नाही. चढावर निघायचं.

लांब असण्याची किंमत

बुरशी, पाणी, भूकंप यांची सवय होते. अंतराची झाली नाही. तेव्हा बेटांवरचं इंटरनेट उपग्रहावर चालायचं. व्हिडिओ कॉल लागला तर आजीचा चेहरा मधेच गोठून राहायचा. चेन्नईहून समुद्राच्या तळातून आणलेली सुमारे 2,300 किलोमीटरची केबल सुरू झाली 10 ऑगस्ट 2020 ला, आम्ही परतल्यावर सहा महिन्यांनी. पण त्या अडचणीतून एक चांगलं झालं. मुलगी आजीला पत्रं लिहायला लागली. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, खेळायला बंगाली, तमिळ, रांचीकडच्या घरांतली पोरं, म्हणजे मराठी फक्त माझ्या तोंडून. महिन्याच्या दोन पत्रांनी तिची मराठी टिकवली. सासूबाईंनी ती सगळी पिशवीत घालून ठेवली आहेत.

जानेवारी 2019 मध्ये संध्याकाळी फोन आला, मामंजी गेले. रात्रीचं विमान नव्हतं. हे सकाळच्या विमानाने चेन्नईला गेले, तिथून पुण्याला, आणि गावी पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. धाकट्या दिरांनी दिला. ह्यांनी त्यावर कधी अक्षर काढलं नाही, पण परत आल्यावर ते बरेच दिवस गच्चीत एकटे उभे राहायचे. घरी म्हातारी माणसं असतील तर निघण्याआधी भावाभावांत स्पष्ट बोलून घ्या. दवाखान्यात कोण नेणार, आणि वेळ आलीच तर वाट बघायची की नाही. बोलायला जड जातं. आम्ही बोललो नव्हतो.

मग मी ‘जा’ का म्हणते? त्यानंतर ह्यांच्याजवळ घरात माणसं होती म्हणून. मुलगा रोज संध्याकाळी गच्चीत जाऊन त्यांचं बोट धरून उभा राहायचा म्हणून. फौजी घरात बाप रजेवर आलेला पाहुणा होतो आणि पोरं त्याला परकं समजतात, हे मी माझ्या माहेरी पाहिलं आहे. माझे वडीलही फौजेत होते. मला आठव्या वर्षापर्यंत त्यांच्याशी बोलायचा संकोच वाटायचा.

मामंजींच्या वर्षश्राद्धानंतर आम्ही सासूबाईंना घेऊन आलो. त्याच काळ्या पाण्यावर. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. 1911 मध्ये आणलेल्या त्या कैद्याला दिसला असेल तो समुद्र त्यांनी बाहेर आल्यावर बराच वेळ पाहिला, आणि एवढंच म्हणाल्या, “इथनं कुणाला हाक मारणार?”

बेटं पूर्वेला इतकी लांब, पण घड्याळ देशाचंच. त्यामुळे जूनमध्ये पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाचला दिवस संपतो. पहिल्या वर्षी तो अंधार माझ्या अंगावर यायचा. कॉलनीतल्या बायका त्या वेळी घरात बसत नसत. पायरीवर, ओट्यावर येऊन बसायच्या, पोरं समोर खेळायची. सासूबाईही बसायला लागल्या. शेजारी एक तमिळ आजी. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण लसूण सोलायला दोघींना लागायचा. एकीच्या सुपात दुसरीच्या पाकळ्या पडायच्या.

ती मुलगी ऑक्टोबरात गेली. नोव्हेंबरच्या शेवटी तिचा फोन आला. माझ्याकडे दारात ऊन होतं. तिचा आवाज बारीक झालेला. “ताई, आत्ता पाच वाजलेत आणि सगळा अंधार पडलाय हो.”

मी तिला म्हटलं, दिवा लाव, पोराला कडेवर घे आणि बाहेर पायरीवर जाऊन बस. कोण कोण आलंय ते मला सांग.

फोन चालूच होता. दाराची कडी वाजली. मग कुणीतरी हिंदीत तिला विचारलं, “आ गई, भाभी? चाय पियोगी?”