२८ वर्षांच्या रोनाल्डिन्होला बार्सिलोनाने का जाऊ दिलं?

१९ नोव्हेंबर २००५. माद्रिदचं बर्नाबेऊ स्टेडियम. बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्होने डाव्या बाजूने मुसंडी मारत स्वतःचा दुसरा गोल केला आणि रेआल माद्रिदचे काही प्रेक्षक चक्क उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या घरात असं कौतुक क्वचितच कुणाच्या वाट्याला येतं. त्याच वर्षी त्याला बॅलन डिओर हा फुटबॉलमधला सर्वात मोठा वैयक्तिक पुरस्कार मिळाला.

त्यानंतर जेमतेम अडीच वर्षांनी, जून २००८ मध्ये, बार्सिलोनाच्या नव्या प्रशिक्षकाने पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की, पुढच्या मोसमाच्या आखणीत रोनाल्डिन्हो नाही.

हा काही साधासुधा खेळाडू नव्हता. २००३ मध्ये तो पॅरिसहून सुमारे ३ कोटी युरोंना आला, तेव्हा बार्सिलोनाने १९९९ नंतर एकही लीग जिंकली नव्हती. अध्यक्ष जोआन लापोर्टा यांना खरं तर डेव्हिड बेकहॅम हवा होता, पण तो माद्रिदला गेला. मग आला हा सतत हसणारा ब्राझिलियन. २००५ आणि २००६ मध्ये लीग आणि २००६ मध्येच चॅम्पियन्स लीग, असं सगळं त्याच्या काळात परत मिळालं.

मग बिनसलं कुठे?

गंमत म्हणजे, गोल मोजले तर उतार दिसतच नाही. २००६-०७ मध्ये त्याने लीगमध्ये २१ गोल केले. बार्सिलोनातली त्याची ही सर्वात मोठी संख्या. पण सामने बघणाऱ्यांना वेगळंच दिसत होतं. त्याच्या खेळाचा जीव होता तो पहिल्या दोन पावलांच्या झपाट्यात. समोरच्याला फसवून तो निसटायचा ते त्या वेगावर. तो वेग कमी झाला, चेंडू गेल्यावर मागे धावणं त्याहून कमी झालं आणि त्याची राहिलेली जागा भरायला इतरांची दमछाक होऊ लागली. फ्री किक आणि पेनल्टी मारायला धावावं लागत नाही. त्यामुळे थकलेल्या कलाकाराचे आकडे बराच काळ चांगले दिसतात. त्या वर्षी बार्सिलोना आणि माद्रिद दोघांचे ७६ गुण झाले, पण आपसातल्या सामन्यांच्या निकालावर लीग माद्रिदला मिळाली.

पुढच्या मोसमात आकड्यांनीही साथ सोडली. दुखापती, लीगचे फक्त १७ सामने, ८ गोल. रात्रीच्या पार्ट्या आणि चुकवलेले सराव यांच्या बातम्या स्पॅनिश वर्तमानपत्रांत सतत येत होत्या. संघ तिसरा आला.

आता थोडा हिशेब. युरोपात खेळाडूचा करार संपला की तो फुकटात दुसरीकडे जाऊ शकतो. १९९५ च्या बोसमन निकालापासून हा नियम आहे. म्हणजे करार जसजसा संपत येतो, तसतसा क्लबचा हात कमकुवत होतो. रोनाल्डिन्होचा करार २०१० पर्यंत होता. २००८ मध्ये विकला तर त्याच्या नावाला अजून किंमत होती. आणखी वर्षभर थांबलं तर पगार द्यायचा आणि किंमत घसरताना बघायची. जुलैमध्ये एसी मिलानने सुमारे २ कोटी १० लाख युरो मोजले. मँचेस्टर सिटी जास्त द्यायला तयार होती, पण त्याने मिलान निवडलं.

तरी निव्वळ पैशांसाठी हा निर्णय झाला असं म्हणणं अर्धवट ठरेल. नवे प्रशिक्षक पेप गार्डिओला ३७ वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी फक्त क्लबचा ‘ब’ संघ सांभाळला होता. ड्रेसिंग रूममधला सर्वात मोठा माणूस सरावाला येवो न येवो, तरी खेळतो, हे २१ वर्षांच्या मुलाने रोज पाहिलं तर तो काय शिकेल? आणि तो मुलगा होता लिओनेल मेस्सी. रोनाल्डिन्होने त्याला धाकट्या भावासारखं सांभाळलं होतं. १ मे २००५ ला मेस्सीने बार्सिलोनासाठी पहिला गोल केला तो याच्याच पासवर, आणि आनंदात त्याला पाठीवर घेऊन फिरलाही हाच. इतका जिव्हाळा होता म्हणूनच ही जोडी तोडणं अवघड होतं, आणि कदाचित गरजेचंही.

असे निर्णय नेहमी बरोबरच ठरतात असं मात्र नाही. त्याच पत्रकार परिषदेत गार्डिओलांनी डेको आणि सॅम्युअल एटो यांनाही नको म्हटलं होतं. डेको चेल्सीला गेला. एटो राहिला, पुढच्या मोसमात त्याने लीगमध्ये ३० गोल केले आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातही गोल ठोकला. १० नंबरची जर्सी मेस्सीला मिळाली. बार्सिलोनाने त्या वर्षी लीग, स्पॅनिश कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही किताब जिंकले.

रोनाल्डिन्हो संपला होता का? तसंही नाही. मिलानमध्ये त्याचा एक मोसम छान गेला. २०१३ मध्ये ब्राझीलच्या अॅटलेटिको मिनेरोसोबत त्याने कोपा लिबर्टाडोरेस जिंकला. मध्येच २०१६ मध्ये तो गोव्याच्या फुटसाल संघाकडूनही खेळून गेला! पण दर तीन दिवसांनी युरोपातल्या अव्वल संघांशी झुंजण्याचा त्याचा काळ सरला होता.

ऑगस्ट २०१० मध्ये मिलान गाम्पेर करंडकाचा मैत्रीपूर्ण सामना खेळायला कॅम्प नूवर आला. बार्सिलोना पेनल्टीवर जिंकली, पण तिच्या खेळाडूंनी करंडक उचलायला बोलावलं ते रोनाल्डिन्होला. पाहुण्या संघाच्या जर्सीत त्याने तो उचलला.