टायगर मॉथच्या पुढल्या आसनावर

ज्या विमानाची चित्रे खामगावच्या शाळेत असल्यापासून मी वहीत चिकटवीत आलो, त्या ‘टायगर मॉथ’मध्ये बसण्याचा, आणि परवानाधारक वैमानिक मागील आसनावर असताना काही काळ नियंत्रणदांडी स्वतःच्या हाती धरण्याचा योग इंग्लंडात केंब्रिजजवळील डक्सफर्ड येथे आला.

१९३१ साली प्रथम उडालेले, डी हॅविलंड कारखान्याचे हे दुपंखी विमान म्हणजे लाकडी पंख, पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि १३० अश्वशक्तीचे इंजिन. दुसऱ्या महायुद्धात हिंदी हवाई दलाचे वैमानिकही यावर शिकले.

इंधनाची टाकी डोक्यावर, वरच्या पंखाच्या मध्यभागी असल्याने पेट्रोल पंपाविना आपल्याच भाराने खाली येते. मूळ रचनेत ब्रेकची तजवीज नव्हती.

खरे कौशल्य मात्र वळण घेण्यात आहे. केवळ दांडी कलती केली, तर विमानाचे नाक क्षणभर विरुद्ध दिशेस ओढले जाते. म्हणून पायाने सुकाणूही त्याच बेताने दाबावे लागते. दोहोंचा मेळ चुकला, की विमान बाजूला घसरते आणि वारा एकाच गालावर झोंबू लागतो. उघड्या आसनाची ही शिकवण मला कोणत्याही काट्याहून विश्वसनीय वाटली.

या विमानाविषयी, किंवा वैमानिक होण्याविषयी, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी निःसंकोच प्रश्न विचारावेत. ठाऊक असेल ते सविस्तर सांगेन.