दोन हजार वर्षांपूर्वीची वसतिगृहे

परदेशी शिकावयास गेलेले आपले विद्यार्थी सुटीत काय करतात? पुष्कळांचे उत्तर एकच असते: जुनी विद्यापीठे पाहत हिंडतात. ऑक्सफर्डचे मनोरे, केंब्रिजची नदीकाठची हिरवळ, बोलोन्याच्या कमानी! पाठीवर पिशवी, खिशात बेताचे पैसे, दुपारी पाव आणि रात्री मिळेल तेथे पथारी. हा प्रवास स्वस्तात होतो, कारण विद्येच्या जुन्या आवारात हिंडावयास फारसे पैसे पडत नाहीत. बाकावर बसावे, झाडे पाहावीत, कोण कोण येथे शिकून गेले ते आठवावे आणि पुढल्या गावाची गाडी धरावी.

ही हौस फार चांगली. फक्त ती भागविण्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुन्नर आणि आंबेगाव असे शेजारी शेजारी दोन तालुके आहेत. बोलोन्याच्या विद्यापीठाचा आरंभ परंपरेने १०८८ सालचा मानतात. आपल्या नालंदाचा काळ इसवी सनाचे पाचवे शतक. जुन्नरच्या डोंगरांत मात्र इसवी सनापूर्वीच अभ्यासू माणसांसाठी खोल्या खोदल्या जात होत्या, आणि पुढली तीनएक शतके ते काम चालू होते. आजच्या अर्थाने त्यांना विद्यापीठ म्हणता येणार नाही. परीक्षा नव्हत्या, पदव्या नव्हत्या. पण विद्येच्या आवाराला जे जे लागते, राहावयास खोली, जेवावयास जागा, प्यावयास पाणी आणि सावलीला झाड, ते सारे येथे होते. शिवाय ते कोणी दिले, हेही दगडावर लिहून ठेवलेले आहे.

आधी पुण्यात अर्धा दिवस

जुन्नरला जाण्याआधी पुण्यात अर्धा दिवस काढावा, म्हणजे तुलना करावयास बरे पडते. गणेशखिंडीतील विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात विद्येसाठी बांधलेलीच नव्हती. मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळी मुक्काम म्हणून ती १८६४ पासून पुढे उभी राहिली. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड येथूनच परतत होता, तेव्हा चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर झाले आणि लाटसाहेबांचा बंगला विद्यार्थ्यांच्या हाती आला. २०१४ पासून या विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे. एके काळी ज्या वाटेने मेजवान्यांच्या बग्ग्या जात, तेथून आता सायकली आणि दुचाक्या जातात. वडाच्या सावलीत बसावयास एक पैसाही पडत नाही.

येरवड्याचे डेक्कन कॉलेज त्याहून जुने. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून ते वाढले आणि १८६८ मध्ये सध्याच्या दगडी इमारतीत आले. टिळक येथे शिकले. त्यांची खोली अद्याप जपून ठेवली आहे. पुरातत्त्वाचे थोर अभ्यासक डॉ. ह. धी. सांकलिया १९३९ साली येथे आले. नालंदा विद्यापीठावरचा त्यांचा ग्रंथ त्याआधीच, १९३४ साली, प्रसिद्ध झाला होता. याच संस्थेच्या संशोधकांना पुढे जुन्नर तालुक्यातील बोरी गावी, कुकडी नदीच्या काठी, अश्मयुगीन हत्यारे आणि ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ती राख किती जुनी यावर विद्वानांचा वाद आहे. म्हणजे जुन्नरची वाट डेक्कन कॉलेजातूनही जाते, असे म्हणावयास हरकत नाही.

एस. टी. आणि खिसा

पुण्याहून राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि मग डावीकडे वळून जुन्नर, असा हा सुमारे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरांचा रस्ता. एस. टी. सकाळी लवकर धरली तर ऊन चढण्याच्या आत जुन्नरला उतरता येते. मुलींना मार्च २०२३ पासून एस. टी.त निम्मे तिकीट पडते. शाळा-कॉलेजाची सहल रीतसर काढली तर तिलाही सवलत असते. ज्यांना चार किंवा सात दिवस भटकावयाचे आहे त्यांच्यासाठी महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास कित्येक वर्षे चालत आलेला आहे. मुक्कामाला जुन्नरला साधी लॉजे आहेत आणि ओझरला देवस्थानचे भक्तनिवास. जेवणाचे काय, असे विचाराल तर पिठले-भाकरी कोठेही मिळेल. मात्र या भागात येऊन मासवडी न खाता परतणे म्हणजे परीक्षेला जाऊन कोरी उत्तरपत्रिका देणे होय. नाव ऐकून शाकाहारी मंडळींनी दचकू नये. तिच्यात मासा नाही. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरलेली ती वडी आहे.

खोली

पहिला दिवस लेण्याद्रीला द्यावा. जुन्नरपासून सुमारे पाच किलोमीटरांवर कुकडी ओलांडली की डोंगराच्या पोटात लेण्यांची रांग दिसू लागते. पायऱ्या तीनशेच्या आसपास. बहुतेक मंडळी अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाच्या दर्शनाला येतात, हात जोडतात आणि उतरतात. आपण थोडे थांबावे. ज्या प्रशस्त दालनात गणपती आहे ते मुळात एक विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान होते. एवढ्या मोठ्या दालनाला मध्ये एकही खांब नाही. तीन बाजूंना मिळून वीस खोल्या आहेत: डावीकडे सात, उजवीकडे सात आणि मागच्या भिंतीत सहा. गणपतीची स्थापना त्या मागच्या भिंतीत पुष्कळ नंतरच्या काळात झाली.

एखाद्या रिकाम्या खोलीत डोकावून पाहा. एका माणसाने हातपाय पसरावे एवढीच जागा. जुन्नरच्या पुष्कळ खोल्यांत निजण्यासाठी दगडातच ओटा ठेवलेला आहे. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ही खोली ओळखीची वाटेल. कमी आहे ती फक्त खुंटीवरच्या शर्टाची आणि खिडकीतल्या आरशाची! भिक्षू वर्षभर हिंडत आणि पावसाळ्याचे महिने एके ठिकाणी राहत. त्या मुक्कामात पाठांतर होई, चर्चा होई, नव्यांना जुने शिकवीत. जुन्नरच्या एका लेखात गणाचार्य सुलस आणि त्यांचे अंतेवासी, म्हणजे जवळ राहून शिकलेले शिष्य, चेतियस या दोघा स्थविरांचा उल्लेख आहे. दोघांनाही ‘तेविज’, म्हणजे त्रैविद्य, ही उपाधी लावली आहे. गुरू, शिष्य आणि विद्या, तिन्ही एका ओळीत आली.

शेजारीच चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोनाराच्या, सुलसदत्त नावाच्या मुलाने दिले, असे तेथला लेख सांगतो. कल्याणचा माणूस येथवर कसा आला, याचे उत्तर पश्चिमेला तीसएक किलोमीटरांवर नाणेघाटात आहे. कोकणातून वर येणाऱ्या मालाची ती वाट. सातवाहनांच्या राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख तेथल्याच लेण्यात आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजणही. त्या वाटेने व्यापार चढला आणि त्याच्या मागोमाग दान चढले.

खानावळ

दुसऱ्या दिवशी शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३० ला येथे शिवाजीमहाराजांचा जन्म झाला हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो. २०२५ साली ज्या बारा किल्ल्यांचा समूह जागतिक वारशाच्या यादीत गेला त्यात शिवनेरी आहे. पण गडाच्या कड्यात खोदलेल्या लेण्यांकडे फार थोड्यांची पावले वळतात. वाट जपून चालण्याची आहे. माहीतगार बरोबर असावा.

तेथल्या एका लेखात चित नावाच्या यवनाने संघाला ‘भोजनमंडप’ दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या बाजूचा परदेशी. केवढी गंमत आहे पाहा! समुद्रापलीकडच्या वंशाचा एक माणूस सह्याद्रीत येतो, आणि मूर्ती नव्हे, मनोरा नव्हे, तर जेवणघर देतो. अभ्यास करणाऱ्याची खरी अडचण त्याने ओळखली होती. जुन्नरलाच इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. लेखात टाक्याला ‘पोढी’ हा शब्द आहे. गावाच्या दक्षिणेकडील मानमोडीच्या डोंगरावर चंद नावाच्या तिसऱ्या यवनाने लेण्याचे दर्शनी द्वार दिले. त्या द्वाराच्या कमानीत कोरलेली गजलक्ष्मी पाहण्यासाठी चढ सोसावा. त्याच डोंगरावरच्या भीमाशंकर नावाच्या गटात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि टाके दिल्याचा लेख आहे. त्याच्यावर ४६ हे वर्ष आहे. ते शकाचे मानले तर इसवी सन १२४ येते.

वर्गणी आणि झाडे

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ही आवारे एकट्या राजाने बांधलेली नाहीत. जुन्नरच्या लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे आजच्या भाषेत संघटना, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके देते. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडविणारे यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवून तिच्या व्याजातून संघाची सोय केलेली आहे. मुद्दल कायम, व्याज विद्येला! आपल्या शिक्षणसंस्थांचे कायमनिधी याहून निराळे काय असतात?

आणि झाडे? अडुथुम नावाच्या एका शकाने कोणाचिक श्रेणीकडे जमीन नेमून दिली: वडालिका गावी वीस निवर्तने करंजाची झाडे लावण्यासाठी आणि कटपुटक गावी नऊ निवर्तने वडासाठी. निवर्तन हे जमिनीचे जुने माप. नंतर येणाऱ्यांना सावली मिळावी म्हणून जमीन तोडून देणारी माणसे या खोऱ्यात होती. हे लेख डॉ. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात वाचून प्रसिद्ध केले, म्हणून आपल्याला ही नावे कळतात.

वेळ उरला तर तुळजा लेण्यांचा फेरा चुकवू नये. गावाच्या पश्चिमेला पाडळीजवळ एक गोल चैत्य आहे. मधोमध स्तूप आणि त्याच्याभोवती अष्टकोनी बारा खांब. असा गोल चैत्य पश्चिम भारतातील लेण्यांत सहसा पाहावयास मिळत नाही.

खोडदच्या तबकड्या

परतीच्या वाटेवर नारायणगावहून पूर्वेला खोडद आहे. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्या येथे आकाशातील रेडिओ लहरी टिपतात. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली. तिचे कामकाज पाहणारे केंद्र पुण्याला, त्याच गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारात आहे. तबकड्या आधी परवानगी काढून पाहता येतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तर शाळकरी मुलांची जत्राच भरते. ज्या तालुक्यात कोणी डोंगरात बसून अभ्यास केला, तेथेच आज माणूस आकाशाचा अभ्यास करतो आहे.

आंबेगावचा प्रश्न

मंचरला उतरून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे निघाले की आंबेगाव तालुक्याचा डोंगराळ भाग लागतो. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावी आहे. पूर्वेकडे अवसरीला २००९ पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पश्चिमेच्या वाड्यावस्त्यांतून, महादेव कोळी आणि इतर आदिवासींच्या घरांतून, मुले घोडेगावला, मंचरला, जुन्नरला आणि पुढे पुण्याला शिकावयास जातात. प्रवेश मिळाला की घरात पहिला प्रश्न निघतो तो अभ्यासाचा नसतो. “राहायचं कुठं आन् जेवायचं कुठं?” हा असतो. पुष्कळांचे शिक्षण त्याच प्रश्नाशी अडते.

जुन्नरची लेणी पाहताना हा प्रश्न मनात ठेवावा, असे मला वाटते. धान्याच्या व्यापाऱ्यांनी त्याचे उत्तर सात खोल्या देऊन दिले. चित यवनाने जेवणघर देऊन दिले. बांबू विणणारे आणि भांडी घडविणारे ठेवीचे व्याज वेळेवर पोचवीत राहिले. विद्येच्या आवाराचे सौंदर्य आपण कमानीत आणि मनोऱ्यात शोधतो. ते येथे एका निजण्याच्या ओट्यात आणि एका पाण्याच्या टाक्यात आहे, कारण ज्याच्याजवळ काही नव्हते त्याची सोय त्यात झाली.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. दिवाळीनंतरचे चार महिने उत्तम. पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ धरते. या दोन तालुक्यांत उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर आहे, म्हणून दिवस मावळण्याच्या आत मुक्कामी यावे आणि आडवाटेला एकटे जाऊ नये. लेण्यांत मोठ्याने आरडू नये, मधमाश्यांची पोळी असतात. बरोबर पाणी, विजेरी आणि एक वही ठेवावी. लेखांतली नावे वहीत उतरवून घ्यावीत. भिंतीवर स्वतःचे नाव मात्र लिहू नये. तेथे ज्यांची नावे आहेत, त्यांनी आधी काही दिले आहे.