साखर आपोआप उतरली, तर मूत्रपिंड तपासा

पंधरा-वीस वर्षे मधुमेह असलेल्या आजोबांची साखर अचानक उतरू लागते. गोळ्या त्याच, इन्सुलिन तेवढेच, तरी आकडे छान येतात. घरचे खूश होतात; कुणी श्रेय कारल्याच्या रसाला देतो, कुणी मेथीच्या पाण्याला. मग एका पहाटे आजोबा घामाने डबडबलेले, असंबद्ध बोलताना आढळतात. साखर असते 45.

यामागे अनेकदा मंदावलेले मूत्रपिंड असते. भूक कमी होणे, वजन घटणे हीही कारणे असू शकतात, पण मूत्रपिंडाकडे कुणाचे लक्ष जात नाही. टोचलेल्या इन्सुलिनचा मोठा वाटा मूत्रपिंडात मोडला जातो. ते काम मंदावले की कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज जास्त ठरते. उपाशीपोटी मूत्रपिंड स्वतःही थोडी साखर तयार करते; तीही घटते. ग्लिबेनक्लामाइड या जुन्या, स्वस्त गोळीचे तर विघटनानंतरचे घटकही साखर उतरवतात आणि ते शरीरात साचतात. त्यामुळे साखरपाणी देऊन सावध झालेला रुग्ण काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. अशा वेळी ‘आता बरे आहेत’ म्हणून घरी थांबू नये, रुग्णालय गाठावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

‘पण क्रिएटिनिन तर फक्त 1.3 आहे!’ हे वाक्य बाह्यरुग्ण विभागात नेहमी ऐकू येते. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि वयानुसार स्नायू झडतात. तिशीतल्या पुरुषाचे क्रिएटिनिन 1.3 असेल तर गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, 75 च्या आसपास भरतो. 72 वर्षांच्या आजींचा त्याच आकड्याला जेमतेम 44. म्हणून अहवालात ईजीएफआर मागून घ्यावा. सोबत लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर वर्षातून एकदा तरी तपासावे. ते 30 च्या वर सतत राहिले तर मूत्रपिंडाला इजा होत आहे.

ईजीएफआर 45 च्या खाली गेला की मेटफॉर्मिनची मात्रा साधारण निम्मी करतात, 30 च्या खाली ती बंद करतात. ग्लिबेनक्लामाइड त्याआधीच बदललेली बरी; लिनाग्लिप्टिनसारख्या गोळीची मात्रा मूत्रपिंडासाठी कमी करावी लागत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाची घसरण मंदावतात. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन किंचित वाढते, ते पाहून घाबरून गोळी सोडू नये. थकलेल्या वृद्धाचा एचबीए1सी 6.5 वर आणण्याचा हट्टही नको. 8 च्या आसपास चालतो. रक्तदाब मात्र सैल सोडू नये.

आणि गुडघेदुखी! डायक्लोफेनॅकची पट्टी औषध दुकानातून सहज मिळते. महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी साखरेने आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला आणखी खाली ओढते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित. तसेच ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ आणू नये, त्यात पोटॅशियम असते. साधेच मीठ वापरावे, पण कमी; पापड-लोणचे क्वचित.

जुलाब-उलट्यांच्या दिवसांत मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, लघवीची गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद औषधांच्या डब्यातच ठेवावा.